‘काहीही’ नावाचा उतार

त्र्यंबकने भेळेची परात बाजूला सरकवली आणि टेबलावर तीन माहितीपत्रकं एकाशेजारी एक मांडली, पत्त्यांचा डाव वाटावा तशी.

"गरम पाण्याची कुंडं. क्यूबाचा समुद्र. स्नोकॅट," तो म्हणाला. "बोला."

"मला काहीही चालेल," विल्सन म्हणाला आणि परात परत जवळ ओढली.

"सुरंगी?"

"तुम्ही ठरवाल ते."

"क्षमा?"

"मलाही काहीही चालेल," मी म्हणाले.

त्र्यंबकने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "म्हणजे एकमत झालं," तो म्हणाला. "कशावर झालं, तेवढंच कळत नाही."

ही बारा वर्षांपूर्वीची, कॅलगरीतली गोष्ट. सुरंगी परब मालवणकडची, कॅलगरीतल्या एका इस्पितळात नर्स होती. टेबल आणि भेळ तिची. विल्सन डाबरे वसईचा. ट्रकच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करायचा आणि दर आठवड्याला नोकरी सोडायचा, तोंडाने. त्र्यंबक वाघचौरे संगमनेरचा, पुलांचा इंजिनिअर. मी अमरावतीची, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. कॅनडातली माणसं उठसूट सॉरी म्हणतात आणि माझं नाव क्षमा, त्यामुळे मी नावाचा अर्थ सांगितला की समोरचा हमखास म्हणायचा, "ओह, सॉरी."

पहिल्या हिवाळ्यात आम्ही चौघं एकाच इमारतीत राहत होतो. बर्फ हलायचं नाव घेईना आणि पत्ते खेळून कंटाळा आला, म्हणून शहराच्या कडेच्या टेकडीवर जाऊन आम्ही स्कीइंग शिकलो. आधी बालवाडीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहून, त्यांचं हसणं सोसत. चौथ्या हिवाळ्यापर्यंत आम्हाला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. म्हणजे पडायचं कुठे, हे आम्ही स्वतः निवडू शकत होतो.

"हे स्नोकॅट म्हणजे काय?" विल्सनने विचारलं. "बर्फातलं मांजर?"

"गाडी असते. रणगाड्यासारखी, पट्ट्यांवर चालणारी. वर माणसं बसायला डबा. तिथे लिफ्ट नाही, गर्दी नाही, आखून ठेवलेली वाट नाही. गाडी डोंगरावर नेते, गाइड कुठून उतरायचं ते दाखवतो, आपण ताज्या बर्फातून उतरतो. गाडी खाली येऊन थांबलेली असते. मग परत वर."

"म्हणजे दिवसभर चढायचं, उतरायचं आणि शेवटी जिथे होतो तिथेच."

"स्कीइंग म्हणजे तेच असतं, विल्सन."

"मी आपलं विचारलं. मांजर नाहीच का मग?"

"मांजर नाही."

"कलेक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं." त्र्यंबकला विल्सन कलेक्टर म्हणायचा. पगाराच्या दिवशी कोणत्या हॉटेलात जायचं, भाड्याची गाडी कुठली घ्यायची, गणपती कोणाच्या घरी बसवायचा, सगळं त्र्यंबक ठरवायचा. मग आम्ही तिघं त्याने ठरवलेल्या गोष्टीत खोड्या काढायचो. हा आमचा चार वर्षांचा शिरस्ता होता आणि तो उत्तम चालला होता.

माझ्यासमोर स्नोकॅटचं पत्रक आलं होतं. त्यावर पानभर फोटो होता. काळ्या-हिरव्या झाडांमधून पांढरा उतार खाली गेलेला, आणि त्यावर एकाच माणसाच्या स्कीची नागमोडी रेघ. माणूस फोटोत नव्हता.

"मग हेच घ्यायचं का?" त्र्यंबकने माझ्याकडे बघून विचारलं.

"चालेल," मी म्हणाले.

त्याने बाकीची दोन पत्रकं घडी घालून खिशात ठेवली. "झालं. लग्नाआधीची चौघांची शेवटची सहल स्नोकॅटची."

लग्न आमचं होतं, त्याचं आणि माझं. मे महिन्यात, नाशिकला.

तेही असंच ठरलं होतं. भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं तांदळाची गोणी गाडीत टाकत होतो. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तो म्हणाला, "क्षमा, आपण लग्न करायचं का?" मी म्हणाले, "चालेल." मग आम्ही "एक, दोन, तीन" म्हणून गोणी आत ढकलली. घरी पोचेपर्यंत त्याने संगमनेरला फोन केला होता आणि संगमनेरहून अमरावतीला फोन गेला होता. पुढच्या रविवारी त्याच्या आईने मला विचारलं, "शालू कोणत्या रंगाचा घेऊ गं?" मी म्हणाले, "कोणताही चालेल, काकू." त्यांनी पोपटी घेतला. इतका पोपटी की फोनमधल्या फोटोने खोलीत उजेड पडला.

पत्रकांच्या त्या संध्याकाळी भांडी विसळताना सुरंगीने नळ बंद केला. गंभीर विषय असला की ती मालवणीवर यायची.

"काय गो, तुका लगीन खराच करूचा आसा मां?"

"ठरलंय ना आता."

"ठरलंय काय ता नाय विचारूक मी."

"चांगला आहे तो, सुरंगी."

"चांगलो आसा ता माका म्हायत हा. माझो चुलतो पण चांगलो आसा. म्हणान मी त्याच्याशी लगीन करू?"

बाहेरून विल्सन ओरडला, "काय खुसफुस चाललीय? भेळेत मीठ कमी आहे हे मी आधीच सांगितलंय." सुरंगीने नळ सोडला आणि विषय वाहून गेला.

मार्चमध्ये आम्ही निघालो. डोंगर ओलांडून पलीकडच्या प्रांतात एक लाकडी विश्रामगृह होतं, तिथे मुक्काम. आमच्याबरोबर एडमंटनचे काही दंतवैद्य होते. सगळे उंच, सगळ्यांचे दात स्वच्छ. विल्सन पहिल्या रात्रीपासून तोंड मिटून हसायला लागला.

सकाळी गाइडने सगळ्यांना अंगणात उभं केलं. तिचं नाव ब्रिजित. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, आवाज हळू पण एक शब्द वाया न घालवणारी. तिने प्रत्येकाच्या छातीवर पट्ट्याने एक यंत्र बांधलं. बर्फाचा कडा कोसळून कोणी गाडलं गेलं, तर या यंत्राच्या खुणेवरून बाकीच्यांनी त्याला शोधायचं.

"म्हणजे मी मेलो तरी हे बिप बिप करत राहणार?" विल्सनने मला मराठीत विचारलं.

"हो."

"छान. घरच्यांना वाटेल, बोलतोय अजून."

"काय म्हणतोय तो?" ब्रिजितने विचारलं.

"यंत्र आवडलं म्हणतोय," सुरंगी म्हणाली.

मग ब्रिजितने जंगलाबद्दल सांगितलं. मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या बुंध्याजवळ बर्फ साचू देत नाहीत. वरून सगळं सपाट दिसतं, पण बुंध्याभोवती पोकळी असते. माणूस घसरत गेला की त्यात पडतो आणि फांद्यांवरचा बर्फ त्याच्या डोक्यावर येतो. स्वतःहून निघता येत नाही.

"विहीर," मी बाकीच्यांना सांगितलं.

"कठडा नाही?" विल्सन म्हणाला.

"म्हणून झाडांमध्ये कोणी एकटं जाणार नाही," ब्रिजित म्हणाली. "जोडीने जायचं आणि सतत एकमेकांना आवाज द्यायचा. आवाज थांबला तर तुम्हीही थांबायचं. काय ओरडायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या भाषेत कोणाला बोलवायचं असेल तर काय करतात?"

"नाव घेऊन हाक मारतात," त्र्यंबक म्हणाला.

"आणि तो काय म्हणतो?"

"ओ."

"फक्त ओ?"

"फक्त ओ."

"उत्तम भाषा आहे," ब्रिजित म्हणाली.

स्नोकॅट म्हणजे खरोखरच रणगाडा होता, लाल रंगाचा. मागच्या डब्यात समोरासमोर बाकं होती आणि खिडक्यांवर आमच्याच श्वासाचं धुकं. गाडी उभ्या चढावर चढायला लागली तसे आम्ही सगळे मागच्या दाराकडे सरकलो, एक दंतवैद्य विल्सनच्या मांडीवर आला. कोणीतरी गाणं म्हणायला लागलं. त्र्यंबक दोन्ही हातांनी बाक धरून समोरच्या अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत होता. पुन्हा पुन्हा त्याच वाचत होता.

"बरा आहेस ना?" मी विचारलं.

"एकदम."

पहिले दोन उतार मोकळे होते. गुडघ्यापर्यंत बर्फ, पिठासारखा. मी वळले की तो दोन्ही बाजूंनी उडायचा आणि आवाज मात्र कसलाच यायचा नाही. असं काही मी आधी कधी केलं नव्हतं. खाली पोचले तेव्हा माझे गाल दुखत होते. मी हसत होते हे मला त्यावरून कळलं. त्र्यंबक सगळ्यांच्या शेवटी आला, वाकलेला, ओठ घट्ट मिटलेले. येऊन म्हणाला, "मस्त आहे," आणि काठ्यांवर रेलून उभा राहिला.

तिसऱ्या वेळी गाडी आम्हाला एका धारेवर घेऊन गेली. डावीकडे रुंद मोकळा उतार होता. उजवीकडे डोंगराच्या अंगाला चिकटून जंगल सुरू होत होतं, दाट आणि तिरकं. ब्रिजितने सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं.

"इथे दोन गट होतील. मोकळा उतार दुसऱ्या गाइडबरोबर. जंगल माझ्याबरोबर. ज्याला दमल्यासारखं वाटतंय त्याने गाडीत बसून खाली यायचं, त्यात लाज नाही. आता प्रत्येकाने आपलं सांगा."

दंतवैद्यांनी पटापट सांगितलं. मग ती विल्सनकडे वळली.

"मला काहीही चालेल," विल्सन म्हणाला.

"तुला?"

"बाकीचे जातील तिकडे," सुरंगी म्हणाली.

ब्रिजितने हातमोजे काढले. पहिल्यांदाच ती जरा चिडलेली दिसली.

"'काहीही' नावाचा उतार या डोंगरावर नाही," ती म्हणाली. "कालपासून बघतेय. जेवायला काय हवं विचारलं तर काहीही. खोली कोणती हवी विचारलं तर कोणतीही. जेवणात ठीक आहे. इथे मी तुमच्यासाठी निवडलं आणि तुम्हाला ते नको असलं, तर अर्ध्या वाटेत तुमचे पाय मला ते सांगतात. तेव्हा मला काही करता येत नाही. मी परत विचारते. तुम्हाला काय हवंय?"

वारा सुटला होता. विल्सनचा चेहरा हळूहळू लाल झाला, आणि मग तो बोलला, मराठीत, त्र्यंबककडे बघून.

"मला क्यूबाला जायचं होतं!"

"काय?" त्र्यंबक म्हणाला.

"समुद्र! गरम वाळू! मी वसईचा आहे रे! मला गाडीत बसायचंय आणि सूप प्यायचंय!"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडात भेळ होती!"

"तो गाडीत बसेल," सुरंगीने ब्रिजितला इंग्रजीत सांगितलं. "आणि मला मोकळा उतार हवा. जंगल मला आवडत नाही. लहानपणापासून." हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

"तुला—"

"जंगल," मी म्हणाले. "मला जंगलातून जायचंय."

ब्रिजितने मान डोलावली. "जोडीला कोण?"

"मी," त्र्यंबकने काठी वर केली.

"तुला जंगल हवंय?"

"मला तिच्याबरोबर जायचंय."

"मी ते विचारलं नव्हतं," ब्रिजित म्हणाली. त्याच्याकडे तिने जरा वेळ पाहिलं. मग त्याला सर्वांत सोपी, कडेची रांग दाखवली, सावकाश जायला सांगितलं, आणि ती पुढे गेली.

जोड्या एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून सोडत होते. आम्ही शेवटचे होतो. आमच्यामागे फक्त ह्यू, सगळ्यांच्या शेवटी येणारा दाढीवाला गाइड. तो जरा वर उभा राहून च्युइंगम चघळत होता. खाली झाडांमधून दंतवैद्यांचे आवाज येत होते, लांबत चाललेले.

"तू मधेच बोललीस," त्र्यंबक म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. जंगल म्हणालीस."

"मग?"

"काही नाही. चार वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी मागितलंस."

मी बुटाचा पट्टा तपासला. तो घट्टच होता.

"आईने पाच हॉलचे फोटो पाठवले," तो म्हणाला. "पाचही छान आहेत म्हणालीस."

"छान होते."

"त्यातला एक बंद पडलाय. छप्पर पडलंय त्याचं. बाबांकडून चुकून आला होता तो फोटो. तू म्हणालीस, हवेशीर आहे."

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

"तुम्ही मला मागे कलेक्टर म्हणता."

"मागे नाही. विल्सन तोंडावरच म्हणतो."

"मला हौस आहे असं वाटतं का तुम्हाला? मला क्यूबाही चाललं असतं. बघ, मीही 'चाललं असतं'च म्हणतोय. मला कुठेच जायचं नव्हतं, क्षमा. मला थंडी सोसत नाही. मला उताराची भीती वाटते. चार हिवाळे मी घसरतोय, कारण तुम्हाला आवडतं असं मला वाटतं. आणि तुम्हाला खरंच आवडतं की नाही, हे तुम्ही सांगत नाही."

"मग हे कशाला निवडलंस?"

"तू फोटोकडे बघत होतीस. भेळेचा चमचा तसाच हवेत. मी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट कळली."

वर ह्यूने घड्याळ पाहिलं. "सगळं ठीक?" त्याने विचारलं.

"ठीक," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"प्रार्थना करताय का?"

"साधारण तसंच," त्र्यंबक म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चष्म्यावर आतून धुकं जमलं होतं आणि त्यामागचे डोळे नीट दिसत नव्हते.

"एक विचारतो. 'चालेल' म्हणायचं नाही. हॉलसारखं 'छान आहे'ही म्हणायचं नाही."

"विचार."

"लग्न हवंय तुला?"

चांगलं उत्तर शोधावं म्हणून मी थांबले. तो चांगला माणूस होता. माझ्या आजारपणात त्याने महिनाभर डबा आणून दिला होता. त्याच्या आईने शालू घेतला होता. माझ्या वडिलांनी अमरावतीला शेजाऱ्यांना पेढे दिले होते. हे सगळं मी मनात मांडत होते, आणि मांडत असतानाच मला दिसलं की मी गरम पाण्याची कुंडं, क्यूबा, स्नोकॅट अशी पत्रकं मांडावीत तसं हे मांडतेय. पण मघाशी 'जंगल' म्हणताना मला काहीही मांडावं लागलं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं होतं.

"नको," मी म्हणाले.

फार छोटा शब्द निघाला. मला वाटलं होतं, असं काही बोलायला दोन-तीन परिच्छेद तरी लागतील.

"बरं," त्र्यंबक म्हणाला. त्याने चष्मा काढला, हातमोज्याने पुसला, तो आणखी धुरकट झाला, आणि तसाच घातला. "आईला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"तू सांगितलंस तर तिला वाटेल, तू शालूचा रंग बदलून मागतेयस."

"मग दोघं सांगू."

"नको. मीच सांगतो. हेही मीच सांगतो." त्याचा आवाज जरा चढला. "तू पुढे हो."

"त्र्यंबक—"

"जंगल हवं होतं ना? जा."

"तुमची वेळ झाली," ह्यू म्हणाला.

मी निघाले. झाडांच्या आत गेल्याबरोबर वारा बंद झाला. फांद्या बर्फाने वाकलेल्या, त्यांच्यामध्ये एका माणसापुरती वाट, ती डावीकडे वळायची, पुन्हा उजवीकडे. खोटं कशाला सांगू, पहिली काही वळणं मी फक्त बर्फाचा विचार केला. माझं लग्न नुकतंच मोडलं होतं आणि माझे गुडघे एखाद्या खेळण्यासारखे आपोआप वाकत होते. मग मला नियम आठवला.

"त्र्यंबक!"

"ओ!" मागून, वरून. रागीट, पण ओ होती.

आणखी काही वळणं.

"त्र्यंबक!"

काही नाही.

"त्र्यंबक!"

फांदीवरून बर्फ खाली पडला, तेवढाच आवाज. मी थांबले. पहिल्यांदा मला रागच आला. म्हटलं, रुसलाय. इथे, या जंगलात, या उतारावर रुसलाय.

"नाटकं करू नकोस!" मी ओरडले. "ओ दे!"

दंतवैद्यांचे आवाज आता ऐकू येत नव्हते. जंगलात इतकी शांतता होती की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. राग कुठे गेला कळलं नाही. मी स्की उताराला आडव्या केल्या आणि पायऱ्या चढल्यासारखी वर चढायला लागले. भुसभुशीत बर्फात एक पाऊल वर, अर्धं खाली. हाका मारत होते. शिट्टी जाकिटाला होती, ती तोंडात धरून फुंकत होते आणि मधे मधे त्याचं नाव. आता नावाचे तीन तुकडे व्हायला लागले होते.

त्याची काठी दिसली आधी. एका जाडजूड झाडाजवळ, आडवी पडलेली. मग लाल हेल्मेट. त्र्यंबक छातीपर्यंत आत गेला होता आणि फांदीवरचा सगळा बर्फ त्याच्या तोंडावर आला होता. एक हात बाहेर होता, तो हलत होता, एखाद्या सभेत परवानगी मागत असल्यासारखा.

मी पोटावर पडून पुढे सरकले आणि आधी त्याचं तोंड मोकळं केलं. तो खोकला, बर्फ थुंकला, श्वास घेतला, पुन्हा खोकला. चष्मा एका कानावर लटकत होता.

"ओ," तो म्हणाला.

"आता?"

"पहिल्या ओनंतरच्या दोन हाकांना मुद्दाम दिली नाही. रागावलो होतो." त्याने श्वास घेतला. "रागावून बघायला मान वळवली आणि झाडात गेलो."

"आणि नंतर?"

"नंतर दिली. मनातल्या मनात. तोंडात बर्फ होता."

"ती मला कशी ऐकू येणार?"

"तेच म्हणतोय," त्र्यंबक म्हणाला. "नाही येत."

त्याच्या भुवयांवर बर्फ होता. मला रडू फुटलं, जोरात, आणि तो म्हणाला, "आधी मला काढ, मग रड." मी हाताने त्याच्याभोवतीचा बर्फ उकरला, वाकून त्याच्या स्कीचे खटके उघडले, त्याला फांदी धरायला सांगितली आणि मी त्याची कॉलर धरून ओढलं. तो वर आला तो सरळ माझ्या अंगावर. तेवढ्यात ह्यू शिट्टीचा माग काढत आला, आणि आम्हाला असं बर्फात एकावर एक पडलेलं पाहून त्याने शिष्टाचार म्हणून नजर वळवली.

"सगळं ठीक?" झाडाला विचारावं तसं त्याने विचारलं.

"ठीक," त्र्यंबक म्हणाला. "विहीर होती."

ह्यूने त्याचे हातपाय तपासले, काठी आणून दिली आणि सांगितलं की आता सावकाश, आणि आवाज बंद करायचा नाही. आम्ही निघालो. या वेळी त्र्यंबक पुढे, मी मागे. मी दर झाडाला त्याला हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. मग त्याने मला हाक मारायला सुरुवात केली, आणि मी ओ द्यायला लागले. काही वेळाने हाका आणि ओ यांचा मेळ बसेना, दोघं एकदम ओरडायचो, दोघं एकदम ओ द्यायचो. एका वळणावर तो पडला आणि पडल्या पडल्या "ओ!" म्हणाला, मी विचारायच्या आत.

जंगल संपलं तिथे लाल गाडी उभी होती. दंतवैद्य सँडविच खात होते. विल्सन गाडीच्या खिडकीत सूपचा पेला घेऊन बसला होता आणि सुरंगी खाली उभी राहून बूट सैल करत होती. आम्हाला बघून ती सरळ झाली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलं, मग त्याच्या, आणि बुटाचा दुसरा पट्टा सोडायचा राहून गेला.

"काय रे!" विल्सन खिडकीतून ओरडला. "डोंगरभर तुमचा आवाज! लग्नाआधीच एवढं भांडण?"

"लग्न मोडलं," त्र्यंबक म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "पाणी आहे का कोणाकडे?"